माझं नाव हिब्रूत पण आहे म्हणे. खरं का?

अंबडचा_केसर
राम राम मंडळी. संभाजीनगरला हिमायतबागेत भारत-इस्राएल प्रकल्पाचं केसर आंब्याचं केंद्र आहे, तिथं जुन्या बागांच्या छाटणीचं शिकायला गेलतो. चहाच्या टायमाला इस्राएलहून आलेल्या पाहुण्यानं माझा बिल्ला वाचला आन् म्हणला, "अमित? हे तर आमच्याकडचं नाव. माझ्या भाचीचं." भाचीचं! सोबतचे गाववाले तवापासून मला अमिताबाई म्हणायलेत.
दुभाष्यानं अर्थ सांगितला, सहकारी. आमच्या आज्यानं तर पंचांगात 'अ' निघाला म्हणून ठेवलं, आन् शाळेत मास्तरनं सांगितलं की ज्याचं मोजमाप नाही तो अमित. मग हा शब्द इकडून तिकडं गेला का तिकडून इकडं आला? जाणकारांनी हिब्रूत लिहूनही द्या, रोपवाटिकेच्या पाटीवर टाकायचंय. पुतण्याचं नाव नीर आहे, त्याचंही बघा.

बेथेलवाला
कुठून कुठंही गेला नाही, निव्वळ योगायोग. आपला अमित म्हणजे अ अधिक मित, संस्कृत. त्यांचा शब्द वेगळा, आणि जुना. बायबलात लेवीय 19:15 मध्ये शेजाऱ्याचा न्यायानं निवाडा कर असं आहे ना, तिथं मूळ हिब्रूत 'शेजारी'साठी हाच शब्द आहे. आज सहकारी, सोबती. मुलगा-मुलगी दोघांनाही ठेवतात, त्यामुळे गाववाल्यांना सांगा गप बसायला.
अक्षरं चार: अयिन, मेम, योद, ताव. उजवीकडून डावीकडे.
नीरचं मात्र भारी आहे. आपल्याकडं पाणी, तिकडं नांगरलेली जमीन. होशेय 10:12 मध्ये पडीक रान नांगरायला सांगितलंय, तिथं हा शब्द येतो. भावाला म्हणावं, एकाच पोरात दोन्ही आलं, आता फक्त पेरायचं राहिलं.
आमच्या जालन्याजवळचं बेथेल रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं. बेथ म्हणजे घर, एल म्हणजे देव. माझे निम्मे नातेवाईक तिथले, पण अर्थ कुणाला विचारला तर 'गावाचं नाव आहे बाबा' एवढंच.

शहागंजकर
बेथ म्हणजे अरबीतलं बैत. बैतुल्ला, म्हणजे अल्लाचं घर, हा शब्द तर सगळ्यांनी ऐकलेला. दोन्ही भाषा बहिणी आहेत. आमचा दाऊद तो त्यांचा दावीद, याकूब तो याकोब, हारून तो अहरोन.
अमितभाई, तुमच्या नावात साधा अ, त्यांच्यात ऐन, म्हणजे वर सांगितलेला अयिन. तो घशातून काढायचा असतो, पण आता बहुतेक इस्राएली लोकच काढत नाहीत, म्हणून पाहुण्याला दोन्ही सारखे वाटले.

उगाच_आलोय
शनी हे तिकडं मुलीचं नाव आहे. अर्थ गडद लाल रंग. इथं ठेवून बघा, सोयरीक जमते का.

अंबडचा_केसर
बेथेलवाले दादा, लई उपकार. भावाला वाचून दाखवलं तर म्हणला, पेरायला आधी पाऊस तर पडू दे.
अडचण निराळीच झाली. आमच्या इथला पेंटर म्हणतो उजवीकडून लिहायची सवय नाही, ज्यादा पैसे पडतील. शहागंजकर भाई, तुमच्याकडं उर्दू पाट्या रंगवणारा कुणी आहे का? पाटी पत्र्याची आहे, चार बाय तीन. येताना घेऊन येतो.