विषय: पाडव्याचा व्हिडिओ, लोगोभोवती पांढरा चौकोन

सांस्कृतिक समिती, मंगळवार, रात्री ११:४०

सगळ्यांना नमस्कार,

पाडव्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कापून-जोडून तयार आहे. अडलंय ते लोगोवर. आपल्या मंडळाचा समईचा लोगो कोपऱ्यात टाकला की भोवती पांढरा चौकोन येतो. लेझीमच्या वेळी मागचा पडदा काळा, त्यावर तो चौकोन म्हणजे दारावर चिकटवलेली नोटीसच वाटते. लोगो मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतला. फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी होतं ते खोडून पीएनजी केलं (दोन्ही चित्रांच्या फाइलींचे प्रकार), तरी ढिम्म फरक नाही. प्रायोजकांना रविवारी लिंक द्यायचं कबूल करून बसलेय. कुणाला यातलं कळतं का?

वेबसाइट समिती, बुधवार, सकाळी ७:०५

वहिनी, डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या मिठाची साखर होत नाही, तसंच ते. जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवायची सोयच नाही. त्यात प्रत्येक ठिपक्याचा फक्त रंग असतो. पीएनजीत रंगाच्या जोडीला आणखी एक आकडा ठेवता येतो, त्याला अल्फा म्हणतात. ० म्हणजे तो ठिपका आरपार, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, मधले सगळे अर्धेमुर्धे. तुमच्या फाइलीत तो आकडाच नाही, मग व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने कशाला आरपार धरायचं?

मूळ पीएनजी कधीतरी असणार. ग्रुपवर फोटो म्हणून टाकली की तिची जेपीजी होते आणि पार्श्वभूमी भरली जाते. कुणाकडे असेल तर कृपया डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा इथे मेलला जोडा.

आणि गुगलवर शोधून पारदर्शक आहे असं दाखवायला मागे राखाडी-पांढऱ्या चौकटी-चौकटी असलेला लोगो उचलू नका. बऱ्याचदा त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. मग व्हिडिओवर बुद्धिबळाचा पट येतो.

खजिनदार, बुधवार, दुपारी १:२०

एवढं कशाला? मी एका वेबसाइटवर लोगो टाकला, पांढरा रंग काढ म्हटलं, पाच सेकंदांत काम झालं. सोबत जोडला आहे. खर्च शून्य.

सांस्कृतिक समिती, बुधवार, रात्री १०:१५

काका, आभारी आहे, पण समईची ज्योत गेली. आपल्या लोगोत ज्योत पांढरी आहे ना, तीही त्या वेबसाइटने काढून टाकली. आता ज्योतीच्या जागी भोक आहे आणि भोकातून मागचं दिसतं. निवेदन चालू असताना तिथून निवेदिकेची जांभळी पैठणी चमकते. माझी मुलगी म्हणाली, "आई, समई पर्पल पेटलीय." शिवाय कडेला पांढरट रेघ आहे, काळ्या पडद्यावर जास्तच दिसते.

वेबसाइट समिती, गुरुवार, सकाळी ६:५०

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. "पांढरं काढ" म्हटलं की यंत्राला पार्श्वभूमी आणि ज्योत यांत फरक कळत नाही, त्याला दोन्ही पांढरंच. फोटो एडिटरमध्ये बाहेरचा भाग तेवढा निवडला तर ज्योत वाचते. ती रेघ मात्र तशी जात नाही. केशरी आकृती संपते तिथले एक-दोन ठिपके ना धड केशरी ना धड पांढरे असतात. त्यांच्यात पांढरा रंग आधीच मिसळलेला असतो, आणि खोडणारा त्यांना पांढरं धरत नाही म्हणून ते मागे उरतात. चांगल्या पीएनजीत त्याच ठिपक्यांचा रंग शुद्ध केशरी असतो आणि फक्त अल्फा कमी असतो, त्यामुळे मागे काळं असो की हिरवं, कड त्यात विरून जाते.

म्हणजे जेपीजी खरवडत बसण्यात अर्थ नाही. मूळ आरेखन शोधायला हवं.

माजी अध्यक्ष, गुरुवार, सायंकाळी ६:३०

लोगो आमच्या कार्यकारिणीच्या वेळी पुण्याहून करून घेतला होता. कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरची फाइल माझ्याकडे सीडीवर आहे. बेसमेंटमध्ये जुना कॉम्प्युटर चालू करून उघडून पाहिली. समई उत्तम आहे, पण खालची मंडळाच्या नावाची ओळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा झाली आहे. तेव्हाचा मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या, आधीचा, तो आता माझ्याकडे नाही.

लेटरहेडची पीडीएफ मात्र आहे, छापखान्याला दिलेली. चालेल का?

वेबसाइट समिती, गुरुवार, रात्री ९:१०

काका, धावेल! छापखान्याला देताना अक्षरांचे आकार करून टाकतात, म्हणजे फॉन्ट लागतच नाही. इंकस्केप या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडली, ओळ व्यवस्थित आली, वेलांट्यासुद्धा जागच्या जागी. ज्योत हा वेगळा पांढरा आकार आहे, म्हणून ती राहिली. लोगोच्या मागे एक पांढरा आयत लपला होता, तो निवडून डिलीट केला. बाकीचं १००० पिक्सेल रुंद पीएनजी करून इथे जोडलंय. मोठं लहान करता येतं, लहान मोठं केलं की फुटतं, म्हणून मुद्दाम मोठं केलं.

वहिनी, तुम्ही व्हिडिओ जोडायला दाविंची रिझॉल्व्ह वापरता ना? पीएनजी व्हिडिओच्या वरच्या ट्रॅकवर टाका. ती अख्खी स्क्रीन व्यापेल, घाबरू नका, इन्स्पेक्टर नावाच्या सेटिंगच्या चौकटीत झूम कमी करा. १९२० बाय १०८०च्या व्हिडिओत लोगो १८०-२०० पिक्सेल रुंद पुरे. जागा उजवीकडे वर. खाली यूट्यूबची पट्टी येते, आणि मुलांसाठी घातलेले इंग्रजी सबटायटलही तिथेच. काही टीव्ही अजून कडा कापतात, म्हणून काठापासून पाच टक्के आत घ्या, म्हणजे बाजूने ९६ आणि वरून ५४ पिक्सेल. नाहीतर आजीच्या घरच्या टीव्हीवर अर्धी समई दिसायची.

सांस्कृतिक समिती, शुक्रवार, रात्री १२:०५

झालं! ज्योत पांढरी, कड स्वच्छ. दोनच शंका. लोगो पाच सेकंदांनी गायब होतो. आणि शाळेच्या मुलांच्या नाटुकल्यात सगळे पांढऱ्या झब्ब्यात आहेत, तिथे ज्योत आणि नाव दोन्ही दिसत नाहीत.

शिवाय युवा समितीने गोल फिरणारा लोगो करून दिलाय, एमपी४ आहे, तो काळ्या चौकोनात फिरतो.

वेबसाइट समिती, शुक्रवार, सकाळी ७:००

स्थिर चित्राला रिझॉल्व्ह पाच सेकंदच देतं. शेवटचं टोक धरून व्हिडिओच्या शेवटापर्यंत ओढा. झब्ब्यांसाठी लोगोला अगदी पुसट काळी सावली द्या, ठळक नको. काळ्या पडद्यावर ती दिसणार नाही, पांढऱ्यावर नाव उचलून धरेल. अपारदर्शकता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा, पूर्ण ठेवली की बातम्यांचा चॅनेल वाटतो.

नेहमीच्या एमपी४मध्ये, म्हणजे एच.२६४मध्ये, अल्फाला जागा नसते. पोरांना सांगा, अल्फा साठवणाऱ्या प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ प्रकारात द्या किंवा एकेका फ्रेमची पीएनजी काढून द्या. माझं मत विचाराल तर फिरता लोगो सुरुवातीला एकदा फिरवा आणि बस. भैरवीच्या वेळी कोपऱ्यात समई गरगरतेय हे मला तरी झेपणार नाही.

सांस्कृतिक समिती, शनिवार, सायंकाळी ४:२५

व्हिडिओ अपलोड झाला, खाजगी लिंक सोबत आहे. कुणाला आपल्या मुलाचं नाव चुकलेलं दिसलं तर आज रात्रीपर्यंत सांगा. माजी अध्यक्षांची पीडीएफ आणि नवी पीएनजी मंडळाच्या ड्राइव्हवर "लोगो – मूळ" या फोल्डरमध्ये ठेवली आहे. ग्रुपवरून कुणीही उचलू नये.

खजिनदार, शनिवार, सायंकाळी ५:१०

व्हिडिओ छान. मुख्य प्रायोजकांचा लोगो शेवटी घालायचा राहिला आहे, सोबत जोडतो. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढला आहे. मागे आमचा टेबलक्लॉथ आलाय, तेवढा काढून घ्या.