पॅनमध्ये काळी वाळू भरपूर, सोन्याचे ठिपके दोन-तीनच: जागा चुकते की हात?

रेवगोटे (प्रश्न)

नदीतली रेव धुऊन सोनं शोधण्याच्या छंदाबद्दल विचारायचं आहे. साधनं साधीच आहेत: १४ इंची प्लास्टिकचा पॅन, अर्ध्या इंचाची चाळणी, फावडं, बादली. एका पॅनला दहा-बारा मिनिटं लागतात. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढे दोन-तीन पिवळे ठिपके. काळी वाळू एवढी येते म्हणजे जागा चांगली असणार, असं वाचलं होतं. मग सोनं धुताना वाहून जातंय की मुळात रेवेतच नाही, हे ओळखायचं कसं? आणि स्लूस (वाहत्या पाण्यात रेव धुणारी, तळाला आडव्या पट्ट्या असलेली उतरती पन्हळ) घेतला तर फरक पडेल का?

तळखडक

आधी हात तपासा, जागेचं नंतर. शिशाचा बारीक छर्रा हातोडीनं ठोकून पातळ करा आणि कात्रीनं साधारण १ मिमीचे १० तुकडे कापा. ते पाऊण पॅन रेवेत मिसळा आणि नेहमीसारखं धुवा. हे टबातच करायचं, कारण शिसं विषारी आहे, ते नदीत जाता कामा नये. शेवटी तुकडे मोजा. ९ किंवा १० परत आले तर हात ठीक आहे. ६-७ आले तर तुमचं सोनंही त्याच वाटेनं जातंय.

शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, शुद्ध सोन्याची १९.३ पट. नदीतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते म्हणून ती थोडी कमी, तरीही शिशापेक्षा बरीच जास्त. त्यामुळे शिसं टिकलं तर त्याच आकाराचं सोनं टिकणारच. छर्रा चपटा मात्र करायलाच हवा. गोल छर्रा तळाशी सहज बसतो आणि खोटा दिलासा देतो. नदीतलं सोनं बहुतेक पत्रीसारखं असतं.

तुकडे हरवत असतील तर बहुधा पॅन फार लवकर तिरका होतोय. पॅन पूर्ण पाण्याखाली आडवा धरा, चिकणमातीचे गोळे बोटांनी पूर्ण विरघळवा (न फुटलेला गोळा पॅनबाहेर घरंगळताना चिकटलेलं सोनं घेऊन जातो), मोठे गोटे पॅनमध्येच धुऊन काढा. मग डावी-उजवीकडे जोरात २०-३० सेकंद हलवा. गोल फिरवणं दिसायला छान असतं, पण जड कण खाली सरकायला हा हिसकाच लागतो. त्यानंतर पॅनच्या कडेवरच्या खाचांची बाजू पुढे झुकवून पाण्यात बुडवा आणि वर काढा, म्हणजे फक्त वरचा थर जाईल. दर तीन-चार बुडक्यांनी पॅन पुन्हा आडवा करून हलवा. ही पायरी सगळे वगळतात आणि सोनं जातं ते इथेच.

नवा प्लास्टिक पॅन साबणानं घासून धुतला होता का? साच्याचं तेल त्यावर असतं. तेलकट, कोरडा सोन्याचा कण पाण्याच्या पृष्ठभागावर चक्क तरंगतो. बारीक काम करताना टबात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाका.

काळीवाळू

वरचं सगळं बरोबर. चाळणीबद्दल भर घालतो. अर्ध्या इंचाची चाळणी पहिल्या टप्प्यापुरती आहे. पाण्यात सोन्याचा बारीक कण आणि त्याहून कितीतरी मोठा दगडाचा कण एकाच वेगानं खाली बसू शकतात, म्हणून मिसळलेल्या आकारात ते वेगळे होत नाहीत. उरलेली काळी वाळू २०, ५० आणि १०० मेशच्या (मेश म्हणजे एका इंचात किती भोकं; आकडा मोठा तितकी चाळणी बारीक) चाळण्यांतून काढा आणि प्रत्येक वाटा वेगळा धुवा. एवढ्यानेच फरक दिसेल.

आता काळ्या वाळूचा गैरसमज. ती मुख्यतः मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट ही लोखंडाची खनिजं असते, घनता ५ च्या आसपास. ती साचली म्हणजे प्रवाह तिथे जड माल टाकतो, एवढंच कळतं. वरच्या डोंगरात सोनंच नसेल तर नदी तरी कुठून आणणार?

म्हणून एकाच खड्ड्यात दिवस घालवू नका. पाच जागा निवडा, प्रत्येकी तीन पॅन, दर वेळी तेवढीच रेव. ठिपके मोजून वहीत जागेसह खोली लिहा. बघायच्या जागा: वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाची प्रवाहाच्या खालची बाजू, खडकातल्या प्रवाहाला आडव्या भेगा, खडकावरचं शेवाळ, काठच्या गवताची मुळं. भेग अगदी तळापर्यंत खरवडा, शेवटची माती ब्रशनं झाडून घ्या. बहुतेक माल त्या शेवटच्या बोटभर मातीत असतो. गुळगुळीत खडक जवळजवळ रिकामाच निघतो. मध्येच घट्ट चिकणमातीचा थर लागला तर त्याच्या लगेच वरची रेव धुवा, सोनं अनेकदा तिथेच अडलेलं असतं.

प्रवाहाच्या वरच्या दिशेनं नमुने घेत जा. ठिपके अचानक थांबले तर सोन्याचा उगम मागे राहिला. शेवटचे ठिपके आणि रिकामी जागा यांच्या मधल्या पट्ट्यात नदीला येऊन मिळणारे ओहोळ तपासा. कण खडबडीत असतील तर उगम जवळ आहे.

रेवगोटे

धन्यवाद. शिशाचा प्रयोग आधी करतो. स्लूसचं राहिलं. आणि तीन ठिपके म्हणजे नेमकं किती सोनं?

मिलिग्रॅम

पाऊण भरलेला पॅन ४ लिटर धरा, म्हणजे १ घनमीटर रेवेचे २५० पॅन. पाव मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा गोल कण सुमारे ०.१६ मिलिग्रॅम भरतो. तुमचे तीन ठिपके तेवढे असतील तर पॅनमागे अर्धा मिलिग्रॅम, घनमीटरमागे ग्रॅमचा आठवा भाग. चपटे असतील तर त्याहूनही कमी. दिवसाला ४० पॅन धुतले तरी २० मिलिग्रॅम. एक ग्रॅम जमायला ५० दिवस. हातानं रेव धुण्याचं खरं प्रमाण हेच आहे आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. १ मिमी लांब-रुंद आणि ०.१ मिमी जाड अशी एकच पत्री जवळजवळ २ मिलिग्रॅम असते, म्हणून चांगल्या भेगेतली मूठभर माती अख्ख्या दिवसाच्या रेवेला भारी पडू शकते.

स्लूसमुळे रेवेतलं सोनं वाढत नाही, धुतलेली रेव वाढते. दिवसाला १० लिटरच्या ५० बादल्या घातल्या तर ५०० लिटर, म्हणजे पॅनच्या तिप्पट. उतार दर फुटाला एक इंचापासून सुरू करा. मूठभर रेव टाकून बघा: गोटे काही सेकंदांत निघून जायला हवेत आणि आडव्या पट्ट्यांमागे काळी वाळू सतत हलत राहायला हवी. पट्ट्या गच्च भरल्या तर पाणी किंवा उतार कमी आहे, आणि पट्ट्यांखालची मॅट (सोनं अडवणारी चटई) उघडी पडली तर जास्त. रेव बदाबदा ओतू नका, नाहीतर पट्ट्या बुजतात आणि सोनं वरून निघून जातं. दर दहा बादल्यांनी शेवटाकडून पडलेली रेव एकदा पॅनमध्ये धुऊन बघा. तिथे ठिपके दिसले तर बसवणी चुकली आहे.

तळखडक

दोन गोष्टी राहिल्या. चमकतंय ते सोनंच का, हे सावलीत बघा. अभ्रक उन्हातच लखलखतं, सोनं सावलीतही पिवळंच राहतं. सुई टोचली की पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं खनिज) चुरा होतो, सोनं दबतं.

वाळलेल्या काळ्या वाळूवर चुंबक फिरवताना तो पिशवीत गुंडाळा आणि हेच दोन-तीनदा करा, कारण मॅग्नेटाइटच्या गठ्ठ्यात सोनं अडकून येतं. राहिलेल्या वाळूतलं बारीक सोनं काढायला पारा कधीही वापरू नका. जुन्या खाणीखालच्या ओढ्यात पांढरट, चांदीसारखे कण मिळाले तर ते पारा चढलेलं सोनं असू शकतं. ते तापवू नका, वाफ विषारी असते. पाणी भरलेल्या बंद बाटलीत वेगळं ठेवा.

काळीवाळू

परवानगीही राहिली. जमीन एकाची आणि खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, असं पुष्कळ ठिकाणी असतं, त्यामुळे जमीनमालकाचा होकार पुरेसा होईलच असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात 'मायनर्स राइट' नावाचा परवाना घ्यावा लागतो. न्यूझीलंडमध्ये काही ठरावीक भाग हाताच्या साधनांनी शोधणाऱ्यांसाठी परवान्याशिवाय खुले आहेत. कॅलिफोर्नियात २००९ पासून सक्शन ड्रेजवर (नदीच्या तळातली रेव पंपानं शोषून घेणारं यंत्र) बंदी आली. स्लूस विकत घेण्याआधी तुमच्या नदीवर तो चालतो का हे विचारा, कारण काही ठिकाणी फक्त पॅनलाच मुभा असते. आणि काठ खालून पोखरू नका, तो पावसानं भिजला की न सांगता कोसळतो.