शिबिरात शुगर सापडली, पुढे काय? चाळीच्या मंडळासाठी सल्ला हवाय

काळाचौकीची_काकू:

नमस्कार मंडळी. आमची चाळ काळाचौकीला, तळ अधिक तीन माळे, ७६ बिऱ्हाडं. गणपतीत सत्यनारायण, मुलांच्या स्पर्धा आणि एक दिवस आरोग्य शिबिर हे ठरलेलं. महिला मंडळाची खजिनदार मी, म्हणून शिबिर माझ्या गळ्यात.

गेल्या वर्षी पाचव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, एका लॅबवाल्यांना बोलावलं. शुगर, बीपी, वजन, सगळं फुकट. बॅनर त्यांचा, टेबलं, मांडव, चहा आमचा. ९३ जणांनी बोट टोचून घेतलं. १४ जणांची शुगर २०० च्या वर. प्रत्येकाच्या हातात गुलाबी चिठ्ठी दिली, ग्रुपवर फोटो टाकले, अध्यक्षांनी शाल दिली, संपलं.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन दुसऱ्या माळ्यावरच्या अण्णांकडे गेले. दाराआड कालनिर्णय टांगलेलं, आणि त्याच खिळ्याला लाइटबिलाच्या मागे आमची गुलाबी चिठ्ठी. २८६. जशी दिली तशीच. "अण्णा, डॉक्टरकडे जाऊन आलात ना?" तर म्हणाले, "अगं, त्या दिवशी दोन मोदक झाले होते." मीही हसले आणि ताट ठेवून परत आले. फेब्रुवारीत नव्या चपलेचा अंगठा घासला, जखम चिघळत गेली, शेवटी अंगठा काढावा लागला. ते हसणं मला अजून टोचतं.

त्या लॅबवाल्यांनी पुढे काय केलं? ९३ जणांना फोन. "काका, फुल बॉडी पॅकेज अर्ध्या किमतीत." नंबरांची वही आम्हीच लिहून दिली होती, माझ्याच अक्षरात.

यंदा मिटिंगमध्ये दोघंतिघं म्हणाले, शिबिर नकोच, त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा ठेवा. मला शिबिर हवंय. पण पुढचे अकरा महिने कसे काढायचे ते सुचत नाही. पेटीत साडेनऊ हजार आहेत, भिशीचे वेगळे, त्यांना हात लावता येत नाही. कोणी असं काही केलंय का?

सिस्टर_परळ:

ताई, मी पालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेय, तेव्हा थोडं स्पष्ट बोलते. आरतीनंतर पेढा खाल्लेल्या माणसाचं बोट टोचून मधुमेह ठरत नाही. पण दोन मोदकांनी २८६ ही होत नाही. म्हणजे चूक तुमची पण आणि अण्णांची पण.

यंदा शिबिर सकाळी सात ते नऊ घ्या, उपाशीपोटी, आठ तास पाण्याशिवाय काही नाही. १२६ किंवा वर आली की रक्त पुन्हा तपासायला पाठवायचं. दवाखान्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करतात, ती साडेसहा टक्के किंवा वर असली तर मधुमेह धरतात. टोचून झालं की पोहे आणि चहा द्या, लोक आपोआप थांबतात. लोक थांबले की बोलता येतं, खरं शिबिर तिथे होतं.

बीपीचं तर विचारू नका. माणूस तीन जिने उतरून येतो, रांगेत नंबरावरून वाद घालतो आणि धपकन खुर्चीत बसतो. मग बीपी चढलेलंच दिसणार. आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. दोनदा मोजायचं. पट्टा बांधल्यावर त्याच्याशी गप्पा मारणाऱ्या कार्यकर्त्याला आधी बाहेर काढा.

आणि लॅबवाल्याच्या मागे लागण्यापेक्षा गणपतीच्या महिनाभर आधी जवळच्या पालिका दवाखान्यात जा. २०२२ पासून 'आपला दवाखाना' पण सुरू झालाय, तिथे तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, डॉक्टरांना समोर बसून सांगा की अमुक तारखेनंतर आमची दहा-पंधरा माणसं येतील. तुमच्या विभागाच्या आरोग्य सेविकेला मांडवात खुर्ची द्या. चाळीत कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोण बाळंतीण आहे, हे तिला तुमच्या अध्यक्षांपेक्षा जास्त माहीत असतं.

झोपाळू_गिरगावकर:

काकू, राग मानू नका. १८९३ साली आमच्या इथे केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो लोकांनी एकत्र यावं म्हणून. दवाखाना काढायला नव्हे. चिठ्ठी हातात दिलीत, मंडळाचं काम झालं. अण्णा काय कुक्कुलं बाळ आहेत? आणि शुगर-बीपी हे डॉक्टरांचं काम, चाळीतल्या बायकांचं नव्हे. उद्या काही चुकलं तर?

काळाचौकीची_काकू:

गिरगावकर, अण्णा गावाला गेले की त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. त्यांच्या नळाचं पाणी मी भरते. मग त्यांची चिठ्ठी तेवढी त्यांची कशी?

भांडुपचा_भाऊ:

आम्ही केलंय, तीन वर्षं चालू आहे, म्हणून लिहितो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भजनाच्या आधी अर्धा तास 'बीपीची बैठक'. वर्गणीतून दंडावर बांधायचं मशीन घेतलं. मनगटाचं घेऊ नका, हात जरा इकडेतिकडे झाला की आकडा बदलतो. पहिल्या बैठकीला चार माणसं आली, त्यातले दोघं आमचेच पदाधिकारी. दुसऱ्या महिन्यात सहा. मी म्हटलं बंद करू. एका आजींनी अडवलं: "अरे, भजनालाही आधी चारच होते."

मग जोड्या लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवाल्यामागे एक शेजारी, पण तो त्याने स्वतः निवडलेला. शेजाऱ्याचं काम एवढंच, दवाखान्यात सोबत जायचं. रांगेत एकटं बसायला लोक कंटाळतात, दोघं असले की गप्पांत वेळ जातो. सल्ला द्यायचा नाही, गोळीबद्दल बोलायचं नाही, ते डॉक्टर बघतील. गिरगावकरांना उत्तर याच्यातच आलं.

एक चूक मात्र केली. मागच्या गल्लीतल्या एका मुलाला दोन आठवड्यांवर खोकला होता, बैठकीत सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, थुंकी तपासून घे. टीबी निघाला. उपचार व्यवस्थित चालू होते, सहा महिन्यांचा कोर्स, आहारासाठी महिन्याला हजार रुपये सरकारकडून खात्यात. पण त्याच्या आईला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. कोणाचा आकडा काय, कोणाला काय झालंय, हे मोठ्याने बोलायचं नाही. ग्रुपवर तर अजिबात नाही.

दहावी_पास_१९८७:

गिरगावकरांसाठी. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांना घेऊन गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या बायका होत्या, शिक्षण निदान दहावी. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून डाग दिसतो का ते बघायच्या आणि संशय आला की हॉस्पिटलला पाठवायच्या. ज्या वस्त्यांत हे झालं तिथे त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. माझी मावशी तेव्हा घरोघरी बोलवायला जायची. तपासणीपेक्षा अवघड काम, म्हणायची, दार उघडायला लावणं. लोकांना वाटायचं पावडर विकायला आल्यात.

काकू, साडेनऊ हजारांत मशीन बसतं. सुरू करा.

काळाचौकीची_काकू:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण मधे बरंच झालं.

शिबिर यंदा सकाळीच घेतलं. दवाखान्यातून एक सिस्टर आल्या, लॅबवाल्यांना नको म्हणून कळवलं. ४७ च आले, गेल्या वर्षीच्या निम्मे. अध्यक्ष नाराज, फोटोत गर्दी दिसत नाही म्हणून. चिठ्ठीला कार्बन लावला. ज्याने हो म्हटलं त्याचीच दुसरी प्रत ठेवली, ती पेटीत भिशीच्या वहीखाली कुलपात. आठ नावं आहेत. त्यातले सहा दवाखान्यात जाऊन आले, सोबत्याला घेऊन. सातवे म्हणतात मार्गशीर्ष संपू दे. आठव्या बाई माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना वाटतं मी त्यांच्या सुनेला सांगितलं. मी सांगितलेलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सात खणांच्या गोळ्यांच्या डब्या लुटायचं ठरतंय. "सवाष्णीच्या ओटीत औषधाची डबी, हे कसलं वाण?" असा वाद पेटलाय. बहुतेक डबीत तिळगूळ भरून देऊ, म्हणजे दोन्ही पक्ष गप्प.

पहिल्या रविवारची बैठक झाली. अण्णा काठी टेकत सगळ्यांच्या आधी आले, पाच मिनिटं गप्प बसा म्हटलं तर पाचही मिनिटं बोलत होते. मशीनमुळे एक अडचण कळली: तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनींच्या दंडाला पट्टा पुरत नाही, ओढून बांधला तर आकडा भलताच येतो. मोठ्या मापाचा पट्टा वेगळा मिळतो का? लालबाग-परळमध्ये कुठे मिळत असेल तर सांगा, पुढच्या रविवारच्या आत हवाय.