मुलांच्या पोहण्याच्या शाळेविषयी विचारणा

ए-१०२ : सर्वांना नमस्कार. जुन्या स्पर्धक जलतरणपटूंनी मिळून चालवलेल्या मुलांच्या पोहण्याच्या शाळेत आपल्या सोसायटीतील सात-आठ मुलांची नावे एकत्र घालावीत, असा आम्हा काही पालकांचा विचार आहे. माझी मुलगी सहा वर्षांची असून तिला पाण्याची भीती वाटते. पदके मिळवलेली माणसे अशा मुलांना धीराने शिकवतील, की पहिल्याच महिन्यात शर्यतीची तयारी करून घेतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-३०१ : वहिनी, तुमची शंका रास्त आहे. मी महाविद्यालयात असताना स्पर्धांमध्ये पोहत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्या लहानपणी पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून मुलाला विहिरीत ढकलून देत आणि हातपाय मारत जो काठाला लागला त्याला पोहता येते असे समजत. त्या रीतीने पुष्कळ जण शिकले हे खरे. पण माझा धाकटा भाऊ त्या एका धक्क्यानंतर आजतागायत कमरेपेक्षा खोल पाण्यात उतरलेला नाही.

स्पर्धेत पोहलेल्या माणसाला पाण्यात शरीर आडवे कसे ठेवावे हे नेमके ठाऊक असते. घाबरलेले मूल श्वासासाठी डोके वर काढते, डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग चार हात अंतर कापतानाही ते दमून पाणी पिते. म्हणून चांगला शिक्षक आधी तोंड पाण्यात ठेवून बुडबुडे सोडायला, मग उताणे तरंगायला आणि काठाला हात लावून सुटका करून घ्यायला शिकवतो. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय या स्पर्धेतल्या पोहण्याच्या शैली त्यानंतर. हे शिकवण्याचा धीर मात्र पदकाबरोबर आपोआप येत नाही, तो प्रत्यक्ष वर्ग पाहूनच कळतो.

निशा मिलेट यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पाच वर्षांच्या असताना त्या बुडता बुडता वाचल्या, वडिलांनी त्यांची भीती घालवण्यासाठी त्यांना पोहायला शिकवले, पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या पोहल्या आणि नंतर बेंगळुरूमध्ये त्यांनी स्वतःची जलतरण अकादमी काढली. भित्र्या मुलाची अवस्था असा शिक्षक चटकन ओळखेल.

बी-२०४ : काका, आमच्या मुलाला वीरधवल खाडेसारखा पदकविजेता जलतरणपटू व्हायचे नाही, थोडे पोहता आले तरी पुरे. दंडाला फुगे लावून आम्हीच त्याला पाण्यात सोडले तर चालणार नाही का?

सी-३०१ : दादा, कृपया तसे करू नका. फुग्यांमुळे मूल पाण्यात उभे राहायला शिकते आणि बुडणाऱ्या माणसाची स्थितीही तशीच उभी असते. शिवाय फुगे निघाल्यावरही आपण तरंगू, असा खोटा विश्वास त्याला येतो. बुडणारे मूल बहुधा ओरडतही नाही, कारण तोंड पाण्याखाली जात असताना आवाजासाठी श्वासच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता.

वीरधवल आपल्या कोल्हापूरचा. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले, तेव्हा १९८६ च्या खजान सिंगांच्या रौप्यानंतर प्रथमच भारताला या स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले. आपल्या मुलांना पदक मिळो न मिळो, रंकाळ्याच्या आणि पंचगंगेच्या गावात वाढणाऱ्या मुलाला तरंगता आलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात शिकलेल्या मुलालाही एकटे पाण्यात सोडायचे नाही, आणि पुराच्या पाण्याजवळ तर मुळीच जाऊ द्यायचे नाही.

ए-१०२ : काका, मनापासून आभार. तिथे गेल्यावर आणखी काय पाहावे?

सी-३०१ : एका शिक्षकाकडे किती मुले आहेत ते मोजा; नवशिक्या मुलांत चार-पाचच्या वर मला पटत नाहीत. शिकवणाऱ्याखेरीज काठावर जीवरक्षक आहे का, तेही पाहा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, असे समजू नका. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाल्यावर तो वास येतो. आणि मूल रडू लागले तर शिक्षक काय करतो, तेवढे नीट पाहा.

ए-१०२ : तर मग रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चार पालक वर्ग पाहायला जाणार आहोत. काका, आपणही आमच्याबरोबर यावे, गाडीत जागा आहे.

सी-३०१ : पावणेसातला गेटवर थांबतो.