‘आणि’ नव्हे, ‘किंवा’

कुणी कुणी म्हणतं की युरोपीय संघात बाहेरून विमानाने येताना २०० सिगारेटी, ५० सिगार आणि २५० ग्रॅम तंबाखू असं सगळं करमुक्त आणता येतं. आकडे बरोबर आहेत, पण मधला शब्द ‘किंवा’ आहे. मिसळ चालते, मात्र प्रमाणात: १०० सिगारेटी घेतल्या की निम्मी सवलत संपली, उरलेल्या निम्म्यात २५ सिगार बसतात. आणि १७ वर्षांखालच्यांना ही सवलतच नाही, तेव्हा मुलाच्या नावावर एक कार्टन (२०० सिगारेटींचा खोका) हा हिशेब कृपा करून धरू नका.

यात माझी भर एवढीच की ड्यूटी-फ्री दुकानाची सीलबंद पिशवी म्हणजे उतरण्याच्या देशातली करमाफी नव्हे. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. सिंगापूरमध्ये सिगारेटींना सवलत शून्य आहे, एका पाकिटासाठीही कस्टम्सच्या लाल मार्गाने (जिथे सामान जाहीर करतात) जाऊन कर भरावा लागतो. ऑस्ट्रेलियात २५ सिगारेटींचं न फोडलेलं एक पाकीट चालतं. त्यावर गेलात तर फक्त जास्तीच्या नव्हे, सगळ्याच सिगारेटींवर कर बसतो. म्हणून पैसे देण्याआधी शेवटच्या मुक्कामाचा नियम बघा.