निरीक्षणगृहातल्या मुलांची फिल्म कार्यशाळा: चेहरे ब्लर केले की पुरेल का?

संकलन_कट्टा: निरीक्षणगृहातल्या (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात ती जागा) १४ ते १७ वर्षांच्या १२ मुलांसाठी दहा दिवसांची कार्यशाळा ठरतेय, रोज दोन तास. तीन मोबाइल, तीन ट्रायपॉड, एक लॅपटॉप आहे. शेवटी दहा मिनिटांची एक फिल्म करायची आणि संकलनात चेहरे ब्लर करायचे, असा बेत आहे. कुठे अडेल?

कायदा_आणि_कॅमेरा: ब्लरवर भिस्त नको. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४: मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा झाकला तरी आवाज, गोंदण, भिंतीवरची पाटी बोलतेच. शिवाय मूळ फुटेज मोबाइलमध्ये राहतं आणि आपोआप क्लाउडवर चढतं. म्हणून चेहरा टिपूच नका. सिम काढा, बॅकअप बंद करा, चित्रीकरणाची परवानगी लेखी घ्या. आणि ‘तुझी गोष्ट सांग’ हा विषय तर नकोच! चौकशी चालू असताना कॅमेऱ्यापुढे निघालेलं वाक्य त्या मुलालाच गोत्यात आणू शकतं.

चौकट_दर_चौकट: दहा मिनिटांची एकच फिल्म धरलीत तर पस्तावाल. जामीन झाला की मुलगा उद्या नसतो आणि त्याचा प्रसंग अर्धवट लटकतो. रोजचं काम रोज संपवा, त्या दिवसाचे दोन तास संपण्याआधी सगळ्यांना दाखवा. कागदी कापांचं स्टॉप मोशन यासाठी उत्तम: काप थोडा सरकवायचा, एक फोटो काढायचा, मग सगळे फोटो सलग चालवायचे. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे २० सेकंदांना २४०. नवख्या गटाला दोन तासांत तेवढे झाले तरी भरपूर. चौघांचा गट करा: एक कागद सरकवेल, एक बटण दाबेल, एक मोजेल, एक दिवा सांभाळेल. दर ६० फोटोंनी कामं बदला, नाहीतर धीट मुलगा बटण सोडत नाही.

पंखा बंद ठेवा. ट्रायपॉडचे पाय चिकटपट्टीने जमिनीला जखडा. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा; विसरलात तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि चित्र लुकलुकतं. कात्र्या मोजून न्या, मोजून आणा.

सावली_पडदा: जिवंत अभिनय हवा असेल तर पांढरी चादर ताणून मागे एकच छोटा एलईडी बल्ब लावा. ट्यूबलाइटने सावलीच्या कडा विरतात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याच्या लुकलुकण्याचे पट्टे चित्रात येत नाहीत. संवाद टाळा, पावलं, ताट-वाटी, कुलूप यांचे आवाज गाद्यांच्या ढिगाजवळ रेकॉर्ड करा, खोली घुमत नाही.

संकलन_कट्टा: दहा मिनिटांचा हट्ट सोडला. श्रेयनामावलीत नावं नकोत, मग मुलांना आपलं काम आपलं कसं वाटेल? प्रत पेनड्राइव्हवर द्यावी?

चौकट_दर_चौकट: प्रत नको, एकदा फिरली की परत येत नाही. नावाऐवजी प्रत्येकाला स्वतःचं चिन्ह काढू द्या: पतंग, चप्पल, काहीही. फक्त हाताचा ठसा नको. आणि घरचे भेटीला येतात त्या दिवशी हॉलमध्ये दाखवता येईल का, ते अधीक्षकांना आजच विचारून ठेवा.