मदत हवी आहे: अंटार्क्टिका मोहिमांचे जुने फोटो भिंतीवर लावायचेत, मूळ प्रत कशी ओळखायची आणि प्रिंट कुठल्या कागदावर घ्यायची?

पांढरी_भिंत

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण प्रश्न एकात एक अडकलेत. हॉलमधली सोफ्यामागची लांब भिंत मोकळी आहे आणि तिथे अंटार्क्टिकाच्या सुरुवातीच्या मोहिमांचे फोटो मोठे करून लावायचं मी आणि नवऱ्याने ठरवलंय. शाळेपासून मला ह्या फोटोंचं वेड आहे. पण नुसतं शोभेला चार बर्फाचे डोंगर टांगायचे असं नकोय मला, फोटो कोणी काढला, कधी, काचेच्या प्लेटवर का फिल्मवर, हे सगळं माहीत असेल असाच फोटो भिंतीवर हवाय, आणि खाली छोट्या पट्टीवर तसं लिहायचंही आहे.

पहिला पक्का आहे. हर्बर्ट पाँटिंगचा, ५ जानेवारी १९११ चा, हिमनगातल्या गुहेचा. कॅमेरा गुहेच्या आत, तोंडाशी ग्रिफिथ टेलर आणि चार्ल्स राइट उभे आणि त्यांच्या पलीकडे लांबवर ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख स्कॉट, त्याचं टेरा नोव्हा जहाज. ती दोन माणसं आहेत म्हणून बर्फ केवढा उंच आहे ते कळतं, नाहीतर काही अंदाजच आला नसता. आता अडचण अशी की नेटवर हाच फोटो राखाडी मिळतो, तपकिरी मिळतो, निळा, हिरवट, आणि हल्ली एआयने रंगवलेलाही मिळतो. निळा बघितला की मला वाटतं नंतर कोणीतरी फिल्टर मारलाय. मग मूळ कुठला धरायचा?

दुसरा फ्रँक हर्लीचा, शॅकलटनच्या मोहिमेतला, एन्ड्युरन्स जहाजाचा, २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्रीचा. जहाज जानेवारीपासून वेडेल समुद्राच्या बर्फात रुतलेलं, आणि हर्लीने बर्फाच्या उंचवट्यांच्या आड वीसेक फ्लॅश लावून ते उजळवलं, शिडाचा दोर न दोर पांढराशुभ्र दिसतो आणि मागे काळंकुट्ट आकाश. ह्या प्लेट्स वाचल्या कशा ते वाचल्यापासून तर मला हा फोटो हवाच आहे. जहाज बर्फाने चिरडल्यावर हर्ली आत साठलेल्या गोठणाऱ्या पाण्यात उतरला, प्लेट्सचे झाळून बंद केलेले डबे बाहेर काढले, मग तो आणि शॅकलटन बर्फावर बसून एकेक प्लेट बघत गेले, साधारण १२० ठेवल्या आणि सुमारे ४०० तिथेच फोडून टाकल्या कारण एवढं वजन होडीत नेता येणार नव्हतं आणि न फोडता ठेवल्या असत्या तर परत घ्यायचा मोह झाला असता. स्वतः काढलेल्या फोटोंच्या प्लेट्स स्वतःच्या हाताने फोडायच्या म्हणजे काय झालं असेल त्याचं!

तिसऱ्यावर अडलंय. जहाज गेल्यावर शॅकलटनची माणसं होड्यांतून एलिफंट बेटावर पोचली, तिथल्या किनाऱ्यावर माणसं हात हलवतायत तो फोटो. एका ठिकाणी खाली सुटकेचा क्षण असं लिहिलंय, दुसरीकडे म्हणे होडी निघाली तेव्हाचा. पट्टीवर काय लिहू?

चौथा म्हणजे दक्षिण ध्रुवावरचा, १८ जानेवारी १९१२ चा, स्कॉट, विल्सन, ओट्स, बॉवर्स आणि एडगर एव्हान्स. नॉर्वेचा अमुंडसेन महिनाभर आधीच, १४ डिसेंबरला, पोचून गेलेला, आणि ते पाचही चेहऱ्यांवर दिसतं. बॉवर्सने दोरी ओढून शटर दाबलंय, नीट बघितलं तर दोरी दिसते. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. सासूबाईंचं म्हणणं आहे की गेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर असतात, असे हॉलमध्ये आल्यागेल्यासमोर नकोत, त्यातून उपाशीपोटी गारठून गेलेल्यांचे तर नकोतच. मला त्यांचं म्हणणं उडवून लावायचं नाहीये. मलाही कुठेतरी पटतंय, पण फोटोही सोडवत नाही.

शिवाय आम्ही ठाण्याला राहतो, पावसाळ्यात हवा किती दमट असते ते सांगायला नको. कागद, काच, फ्रेम ह्याबद्दल कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

काचेची_प्लेट

मी फाइन आर्ट प्रिंटिंगचं काम करतो म्हणून आधी तेवढंच सांगतो.

निळ्या प्रिंटला लगेच खोटी म्हणू नका. पाँटिंगने १९१३ मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत ह्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि तिथे विक्रीला कार्बन प्रिंट ठेवल्या होत्या. कार्बन प्रिंटमध्ये जिलेटिनात जे रंगद्रव्य घालाल त्या रंगाचं चित्र येतं, आणि त्याच्या निळ्या, हिरवट छटेच्या प्रिंट आजही लिलावात दिसतात. म्हणजे सबंध फोटोला एकच छटा असेल तर ते पाँटिंगच्या पद्धतीला धरून आहे. आकाश निळं, कोट तपकिरी, चेहरे गुलाबी असं वेगवेगळं रंगवलेलं दिसलं की ते नंतरचं समजा. काचेची निगेटिव्ह काळीपांढरीच असते, तेव्हा साधी राखाडी प्रिंट घेतलीत तरी ती तितकीच खरी. मला विचाराल तर किंचित थंड, निळसर झाक ठेवा, त्या गुहेला शोभते.

एआयने मोठी केलेली फाइल मात्र नको. त्यात बर्फाचा पोत प्रोग्रॅम मनानेच भरतो आणि लांबच्या माणसाला भलत्याच कोणाचा तरी चेहरा येतो. संस्थेच्या साइटवरचा स्कॅन घ्या. पाँटिंगच्या सुमारे १७०० काचेच्या निगेटिव्ह केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटने २००४ मध्ये विकत घेतल्या. हर्लीचं काम सिडनीला स्टेट लायब्ररी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये आणि लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे आहे. सिडनीवाल्यांचं ऑनलाइन बरंच बघायला मिळतं, आधी तिथे शोधा.

साइझचं गणित असं, १६ × २० इंचाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ४८०० × ६००० पिक्सेल लागतात, पण सोफ्यामागचा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो तेव्हा २०० डीपीआय म्हणजे ३२०० × ४००० सुद्धा पुरे. तयार फ्रेमच्या मापासाठी फोटो कापू नका हं, तेवढं कळकळीने सांगतो. ७ × ५ च्या प्लेटवरचा फोटो १६ × २० मध्ये बसवायला गेलं की कडा जाते, आणि गुहेच्या फोटोत तर कडेचा काळा बर्फ हीच चौकट आहे. प्रिंट २१ × १५ किंवा १४ × १० काढा आणि फ्रेम मापाने करून घ्या. थोडे पैसे जास्त जातील पण फोटो अख्खा राहील.

कागद कॉटन रॅग (सुती) किंवा बरायटा (बेरियमचा लेप दिलेला), आणि प्रिंट पिगमेंट इंकची, म्हणजे रंगद्रव्याच्या शाईची, ज्या मशीनमध्ये दोन-तीन राखाडी शाई असतात अशा मशीनवर. साध्या कलर लॅबमध्ये काळ्यापांढऱ्यावर हिरवी नाहीतर जांभळी झाक येते.

फ्रेमसाठी अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घ्यायचा, त्याच्या जाडीमुळे काच आणि प्रिंट एकमेकांना चिकटत नाहीत, पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. मागची बाजू टेपने सील करा, कसर शिरत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा म्हणजे भिंत आणि फ्रेमच्या मधून वारा खेळतो आणि बुरशी धरत नाही. पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत असेल तर तिथे लावूच नका.

दक्षिणवारा

ताई, मी क्राइस्टचर्चला राहतो. इथून जवळच्या लिटेलटन बंदरातून टेरा नोव्हा १९१० च्या नोव्हेंबरमध्ये निघालं, त्यामुळे हा विषय इथे घरचाच आहे.

एलिफंट बेटाच्या फोटोचं सांगतो. तुमचं दुसरं कॅप्शन बरोबर. तो २४ एप्रिल १९१६ चा, शॅकलटन आणि बाकी पाच जण जेम्स केअर्ड होडीतून साउथ जॉर्जिया बेटाकडे मदत आणायला निघाले तेव्हाचा. किनाऱ्यावर राहिलेले निरोप देतायत. सुटका झाली ३० ऑगस्टला. हर्लीने नंतर ह्याच निगेटिव्हवर काम करून तो सुटकेचा म्हणून दाखवला. दोन-तीन निगेटिव्ह जोडून एक फोटो करायची त्याची पद्धतच होती, आकाश एकीकडचं, माणसं दुसरीकडची. मी तुमच्या जागी असतो तर पट्टीवर २४ एप्रिल आणि निरोप एवढंच लिहिलं असतं. आपण परत येणाऱ्या होडीची वाट किती दिवस बघायची हे त्या माणसांना माहीत नाही, हे कळल्यावर तो फोटो मला सुटकेपेक्षा मोठा वाटतो.

आणि तुम्हाला खरेपणाची एवढी ओढ आहे तर आणखी एक सुचवतो. अंटार्क्टिकात केप एव्हान्सला स्कॉटची झोपडी अजून उभी आहे. तिथे न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टच्या लोकांना एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या २२ निगेटिव्ह सापडल्या, २०१३ मध्ये त्या सोडवून, साफ करून जाहीर केल्या. शॅकलटनच्याच मोहिमेची दुसरी तुकडी, रॉस समुद्राकडची, तिचे ते फोटो आहेत. एका फोटोत अलेक्झांडर स्टीव्हन्स अरोरा जहाजाच्या डेकवर उभा आहे. कडेने डाग पडलेत, थर उडालाय, आणि तो साफसूफ न करता तसाच लावावा असं मला मनापासून वाटतं. जवळजवळ शंभर वर्षं बर्फात काढली त्याची खूण आहे ती.

रानजाई

घरात लावायला परवानगीचा प्रश्न येत नाही. आपल्या कायद्यात फोटोचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. पण संस्थेच्या स्कॅनला त्यांच्या अटी असतात, त्या वाचून घे, आणि प्रिंट विकायचा विचार आला तर त्यांना विचारल्याशिवाय नको.

जुनी_पेटी

अगं, सासूबाईंचं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि त्यात अंधश्रद्धा वगैरे काही नाही. त्या पाच जणांना माहीत आहे की आपण हरलोय, आणि आपल्याला माहीत आहे की ते परतणार नाहीत. रोज चहा घेताना ते समोर कशाला? ध्रुवावरच्या त्या फोटोची फिल्म १२ नोव्हेंबर १९१२ ला शोधपथकाला तंबूत सापडली, स्कॉट, विल्सन, बॉवर्स तिघांच्या देहांशेजारी, जवळजवळ आठ महिने तिथेच होती. छोट्या कॅमेऱ्यातली आहे, फार मोठी केलीस तर दाणेच दिसतील. ८ × १० ची कर आणि अभ्यासाच्या खोलीत लाव, जवळ जाऊन बघायचा फोटो आहे तो.

हॉलमध्ये त्याऐवजी पाँटिंगचाच ९ ऑक्टोबर १९११ चा बंकांचा, म्हणजे झोपडीतल्या एकावर एक झोपायच्या फळ्यांचा, फोटो लाव. ओट्स, बॉवर्स, चेरी-गॅरार्ड, मीअर्स, अॅटकिन्सन, सगळे फळ्या ठोकून केलेल्या बंकांपाशी, सामान इकडेतिकडे लटकलेलं, हॉस्टेलची खोलीच जणू. तीच माणसं, पण जिवंत आणि निवांत. त्यातले दोघे आपल्याकडून गेलेले गं. बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमध्ये होता आणि ओट्सचं घोडदळ महूला होतं, तिथूनच त्याने मोहिमेसाठी अर्ज केला.

आणि खेचरांचं कोणी कसं लिहिलं नाही? दुसऱ्या वर्षासाठी हिंदुस्थानातून सात खेचरं पाठवली होती, लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. तंबू सापडला त्या शोधपथकाच्या गाड्या ह्याच खेचरांनी ओढल्या. पाँटिंग तोवर परत गेला होता, पण इतरांनी काढलेले त्यांचे फोटो आहेत. केंब्रिजच्या संग्रहात बघ.

पांढरी_भिंत

जुनी_पेटी मावशी, बंकांचा फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि ह्यातले ते दोघे कोण म्हणून विचारलं, मग सगळं सांगितलं. हा चालेल म्हणाल्या. ध्रुवावरचा अभ्यासाच्या खोलीत जाईल, आणि पाच नावं खाली असतील, एडगर एव्हान्सचं सुद्धा, बऱ्याच ठिकाणी त्याचं नाव मागे पडतं ते मला आवडत नाही.

तर हॉलमध्ये आता गुहा निळसर झाकेत, हर्लीची रात्र, २४ एप्रिलचा निरोप आणि बंक. स्टीव्हन्सचा डागांसकट घेणार, तो पॅसेजमध्ये. खेचरांचा फोटो सापडला की तोही, आणि सातही नावं लिहिणार! काचेची_प्लेट, २१ × १५ ला माउंट किती रुंद ठेवू, अडीच इंच पुरे का तीन? आणि ठाणे, दादर, पुणे कुठेही राखाडी शाईच्या मशीनवर एकेक प्रिंट काढून देणारं कोणी माहीत असेल तर विपु (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) करा.

काचेची_प्लेट

तीन. खाली साडेतीन ठेवा, पट्टी त्यातच बसेल. आणि सगळ्या फोटोंना एकच कागद वापरा. आधी गुहेचा ८ इंची टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात त्याच भिंतीवर धरून बघा, काळ्यात तपशील दिसत असेल तरच पुढचे द्या. विपु केलीय.